कार्बन वाढला की पीक वाढतं म्हणे, मग सोयाबीन करपतं कसं?

बालाघाटी (11 मे, रात्री 9:40)
राम राम मंडळी. प्रश्न शेतीचा आहे की हवेचा, मलाच ठरवता येईना. म्हणून इथं टाकतोय.

गाव अंबाजोगाईकडचं. घरची 11 एकर. सात सोयाबीनखाली, बाकी तूर आणि खायापुरती ज्वारी. गेल्या आठवड्यात गावात दोघं आले होते, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. बांधावर झाडं लावा, नांगरट कमी करा, रानात कार्बन मुरेल, त्याचे पैसे मिळतील, असं सगळं. मारुतीच्या पारावर बैठक बसली. बोलता बोलता त्यातला एक म्हणाला, "तसं बघितलं तर हवेत कार्बन वाढला तर शेतकऱ्याचं नुकसान काय? झाडाचा घासच आहे तो. पीक वाढतं." आमचे बप्पा (वडील, वय 74) तिथंच म्हणाले, "दर साली वाढायलाय म्हणता. मग माझं सोयाबीन ऑगस्टात करपायलंय कामून?" दोघं एकमेकांकडं बघत बसले. घरी येऊन बप्पांनी तोच प्रश्न मला टाकला. मीही बघत बसलो.

दुसरं असं की आमच्या परड्यात एक जुनं पेव (ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा) आहे. बप्पा सांगतात, त्यांचे आजोबा पेवाचं तोंड उघडून एक दिवस तसंच ठेवायचे आणि मग दोरीनं कंदील आत सोडायचे. विझला तर कुणी उतरायचं नाही. तोच हा वायू ना? मग पेवात माणूस मारणारा वायू रानात घास कसा होतो? आणि हवेतला कार्बन 430, 430 करतात ते नक्की किती? टॅबवाल्यांच्या कागदावर सही करायची का, तेही सांगा.

हुरडापार्टी (9:52)
पहिल्यांदा हे सांगा, पेव रिकामं आहे का? ज्वारी असेल तर कार्बनचं नंतर बघू, आम्ही निघालोच.

बळीचा_नातू (9:58)
पेव नसेल ते. बळद असेल. वाड्यातलं धान्याचं कोठार असतं ते बळद.

बालाघाटी (10:01)
परड्यात आहे, जमिनीत आहे, वर फरशी आहे. पेवच.

बळीचा_नातू (10:03)
तरी एकदा बघून घ्या.

प्रयोगवही (10:35)
परभणीला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे फळ्यावरची सवय इथंही दिसेल, सांभाळून घ्या.

वायू तोच, आपण कार्बन म्हणतो तो कार्बन डायऑक्साइड. प्रमाण वेगळं. 430 म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 430 भाग, टक्क्यांत 0.043. पेवातली ज्वारी जिवंत असते, ती श्वास घेते. तोंड शेणामातीनं लिंपलेलं असल्यामुळे आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, काही टक्क्यांपर्यंत. म्हणजे बाहेरच्या हवेच्या शंभर पटींहून जास्त. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाशी बसून राहतो. ज्वारीतले किडे त्यात गुदमरून मरतात, म्हणून तर धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. आजोबांचा कंदील विझायचा तो ऑक्सिजन 16-17 टक्क्यांवर आला की. बाहेर तो 21 असतो.

आभाळातल्या 430 नं कुणी गुदमरत नाही. तिथला प्रश्न उष्णतेचा आहे. कारखाने सुरू होण्याआधी हा आकडा 280 होता. 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोज मोजायला सुरुवात केली तेव्हा 315 च्या आसपास. 2025 च्या मे महिन्याची सरासरी पहिल्यांदाच 430 च्या वर गेली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासलेत, मागच्या आठ लाख वर्षांत हा आकडा 300 च्या फारसा वर कधी गेलाच नव्हता.

दरवर्षी मे महिन्यातच तो सगळ्यात वर असतो, हे वर्गात सांगितलं की पोरं जागी होतात. पृथ्वीवरची बहुतेक जमीन उत्तरेला. तिथं उन्हाळ्यात झाडं पालवतात आणि हवेतला कार्बन ओढून घेतात, मग आकडा सप्टेंबरपर्यंत उतरतो. हिवाळ्यात पानं कुजतात, परत चढतो. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. फक्त करवत तिरपी धरलेली आहे, वरच्या बाजूला.

डीपी_जळाला (11:10)
0.043 टक्के! एवढ्याशानं पृथ्वी तापते म्हणे. 1972 चा दुष्काळ कुठल्या कार्बननं पडला होता? तेव्हा आमच्या गावात एक ट्रॅक्टर नव्हता. ज्वालामुखी एका दिवसात फेकतो त्याचं काय? आणि समजा खरं धरलं, तरी धूर गोऱ्यांनी सोडायचा आणि नांगर आम्ही थांबवायचा, हा कुठला न्याय?

मोसंबीवाली (11:24)
@डीपी_जळाला, हंडाभर दुधाला विरजण किती लावता?

डीपी_जळाला (11:26)
दूध हवेसारखं नसतं ताई.

मोसंबीवाली (11:27)
आमच्याकडच्या दूधवाल्याचं असतं.

प्रयोगवही (11:50)
विरजणाची उपमा मी वर्गात चोरणार.

मुद्द्यांचं सांगते. कोरड्या हवेत 99 टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन आहे. जमिनीतून निघणारी उष्णता हे दोन्ही वायू अडवत नाहीत, सरळ वर जाऊ देतात. अडवण्याचं काम उरलेल्या चिमूटभर वायूंकडं आणि वाफेकडं आहे, त्यामुळे ती चिमूट दीडपट झाली की फरक पडतो. हे कालपरवाचं खूळ नाही. युनिस फूट या बाईंनी 1856 साली काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, कार्बनचं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं. 1859 मध्ये टिंडॉल यांनी उपकरणानं मोजलं. 1896 मध्ये अऱ्हेनियस यांनी हातानं आकडेमोड करून सांगितलं, हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी काही अंशांनी तापेल. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता.

ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या एक टक्काही भरत नाही. शिवाय कोळशाला वयाचा दाखला असतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडला गेल्यामुळे त्यात कार्बन-14 (कार्बनचाच, काळानं आपोआप नाहीसा होत जाणारा प्रकार) उरलेला नसतो, आणि हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण नेमकं तसंच पातळ होत गेलेलं सापडतं. चोर सापडलाय, बोटांच्या ठशांसकट.

1972 बद्दल तुम्ही बरोबर. दुष्काळ कार्बनच्या आधीही पडायचे. दुर्गादेवीचा दुष्काळ कुणी ट्रॅक्टरनं आणला नव्हता. न्यायाच्या मुद्द्यालाही माझ्याकडं खोडरबर नाही. माणशी वर्षाला आपण साधारण दोन टन सोडतो, अमेरिकन माणूस 14 टनांच्या आसपास.

कडबाकुट्टी (12 मे, सकाळी 6:15)
आमच्या दोन म्हशी बी ह्यात धरल्यात का?

प्रयोगवही (6:40)
म्हशींचा वायू मिथेन. त्याचा धागा वेगळा काढा.

रान_नं_सात (7:30)
बप्पांचा प्रश्न मला परीक्षेत आला असता तर बरं झालं असतं, आमच्या वेळी नुसत्या व्याख्या विचारायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो, आता सेलूला घरची शेती बघतो.

टॅबवाला अर्धं खरं बोलला. पिकं दोन जातीची. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, गहू ही सी-3. यांना हवेतला कार्बन कमीच पडत असतो, तो वाढवला तर ती खरंच जोमानं वाढतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही सी-4. यांच्या पानात कार्बन गोळा करणारा स्वतःचाच पंप बसवलेला असतो. त्यांना जादा कार्बनचं फारसं कौतुक नाही. पाण्याचा ताण असला की मात्र पानावरची रंध्रं थोडी मिटून घेता येतात, पाणी वाचतं.

आता सोयाबीन. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 2001 पासून उघड्या रानात प्रयोग चालू आहे. पिकाभोवती नळ्यांचं रिंगण करून हवेतला कार्बन 550 पर्यंत वाढवायचा. छप्पर नाही, काच नाही, पाऊसवारा सगळा खरा. चांगल्या पावसाच्या वर्षी दाणा वाढला. कोरड्या वर्षांत मात्र तो फायदा कमी कमी होत जवळजवळ शून्यावर आला. 2016 मध्ये हे छापून आलं. कारण आपल्याला बांधावरून दिसतं तेच: सुरुवातीला पीक भरमसाट पालवतं, मोठा पाला पाणीही जास्त पितो, आणि शेंगा भरायच्या वेळी जमिनीत ओल उरत नाही. याच प्रयोगात पानं खाणाऱ्या भुंग्यांनी वाढीव कार्बनच्या सोयाबीनवर जास्त ताव मारला, तो आणखी एक बोनस.

म्हणजे बप्पांच्या रानात काय होतंय? घास वाढला आणि पाण्याचा तांब्या रिकामा. आपला पावसाळा सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास. पण जुलै-ऑगस्टात 20-22 दिवसांचा खंड पडला की सोयाबीनचा फुलोरा नेमका त्यातच सापडतो. कार्बननं हवा तापलेली, तापलेली हवा जमिनीतली ओल लवकर ओढते. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं.

आणखी एक, जे बाजारात कुणी मोजत नाही. 550 च्या हवेत वाढवलेल्या गव्हात प्रथिनं, जस्त, लोह 5 ते 10 टक्क्यांनी कमी भरलं. सोयाबीनची प्रथिनं टिकली, कारण मुळावरच्या गाठी नत्र पुरवतात, पण जस्त-लोह तिथंही घटलं. पोतं तेवढंच भरतं, दाण्यात सत्त्व कमी.

हुरडापार्टी (7:41)
म्हणजे ज्वारीच खरी. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

खुरपं (8:05)
गाजरगवताचं सांगा की. माझ्या रानात सोयाबीनपेक्षा तेच जोमात असतं.

रान_नं_सात (8:20)
त्यालाही वाढीव कार्बन मानवतो, प्रयोगांत दिसलंय. हवेला पीक कोणतं अन् तण कोणतं ते कळत नाही. निंदायला तुम्हीच.

लातूर_पॅटर्न (9:15)
थोडं विषयांतर. लातुरात क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. मागच्या वर्षी हौसेनं कार्बन मोजायचं छोटं यंत्र मागवलं. गच्चीवर दाखवलं 440. खाली वर्गात 120 पोरं, दारं-खिडक्या बंद, एसी चालू. दुपारच्या दुसऱ्या तासाला 2,900! मी समजत होतो माझं शिकवणं कंटाळवाणं आहे. यंत्र म्हणालं, पोरं एकमेकांचा श्वास घेतायत. आता दर तासाला दहा मिनिटं खिडक्या उघडतो. जांभया कमी झाल्या. विद्युतचुंबकत्वाला परत येतात, तो दोष हवेचा नसावा.

पुण्यातला_परभणीकर (9:40)
जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि कार्बनमध्ये लातूर. पॅटर्नच निराळा.

राखेचा_शेजारी (11:05)
परळीचा आहे. औष्णिक केंद्राच्या सावलीत वाढलो. उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर संध्याकाळी राखेची नक्षी असायची. माझे काका तिथं नोकरीला होते, आमच्या घरात कोळशाला नावं ठेवलेली चालायची नाहीत, कारण चूल त्यावरच पेटायची.

2013 च्या फेब्रुवारीत काय झालं ते आठवतंय का कुणाला? धरणात पाणी नाही म्हणून अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. वाफ करायला, थंड करायला पाणी लागतं. 2015 मध्ये पुन्हा तीच गत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. म्हणजे कोळसा जाळून हवा तापवायची आणि पाणी नाही म्हणून कोळसा जाळता येत नाही. काका म्हणायचे, "देवानं बटन दाबलं." ते गंमतीत म्हणायचे. पण कंत्राटी माणसं घरी बसली त्यांना गंमत वाटली नव्हती, हेही लिहून ठेवतो.

तेरणाकाठ (12:30)
टॅबवाल्यांबद्दल. धाराशिव जिल्ह्यातला आहे, तीन वर्षांपूर्वी एका कंपनीला सही दिली. नाव घेत नाही. 400 झाडं लावली, दीडशे जगली. त्यांचा माणूस दोनदा येऊन फोटो काढून गेला. पैसा अजून एक रुपया नाही. फोन लावला की "पडताळणी चालू आहे". कागद नंतर वाचला तर करार 30 वर्षांचा, इंग्रजीत. मी तेव्हा 81 चा असेन.

सही करू नका असं म्हणत नाही. झाडं चांगलीच, सावली मिळते. पण विचारा: मुदत किती, झाड वाळलं तर भरपाई कोण कुणाला देणार, मधेच तूर सोडून दुसरं घ्यायचं झालं तर परवानगी लागेल का, आणि कार्बन मोजणार कोण.

रान_नं_सात (12:55)
हिशेब एकदा पारावर मांडा. पाच एचपीची मोटार आठ तास चालली की 30 युनिट. आपली बरीच वीज कोळशाची, युनिटमागं सरासरी 0.7 किलो धरा. झाले 21 किलो. एक मोठं झाड ढोबळमानानं वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड ओढतं. म्हणजे मोटारीचा एक दिवस, झाडाचं एक वर्ष.

झाडं लावा, पण झाडांनी हिशेब मिटतो असं कुणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा. त्यापेक्षा मातीतला सेंद्रिय कर्ब वाढवा, तो टॅबवाल्यासाठी नाही, स्वतःसाठी. माझ्या रानातल्या मातीचा अहवाल 0.38 टक्के आला होता. पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवणं बंद केलं, कुट्टी करून मातीत घातलं. पाच वर्षांत 0.52. खंडात माझं सोयाबीन शेजाऱ्यापेक्षा चार-पाच दिवस जास्त तग धरतं. चारच दिवस, पण त्यातच शेंग भरते.

काळा_दगड (2:20)
भूगर्भशास्त्रवाला. आपण सगळे ज्या बेसाल्टवर बसलोय त्याची कुणीच दखल घेतली नाही म्हणून लिहितो.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला तेव्हा त्याच्यासोबत प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. तोच दगड थंड झाल्यापासून परत हवेतला कार्बन पिऊन राहिलाय. पावसाच्या पाण्यात हा वायू विरघळतो, सौम्य आम्ल होतं, ते बेसाल्ट झिजवतं आणि त्यातला चुना सुटा होतो. काही समुद्रात जातो, काही इथंच. काळ्या रानात खणलं की पांढरे खडे लागतात ना, ज्यांना आपण चुनखडी म्हणून शिव्या देतो? त्यात बेसाल्टमधून सुटलेला चुना असतो आणि त्यासोबत हवेतला कार्बन दगड होऊन बसलेला असतो. आता जगभर बेसाल्टची पूड शेतात टाकून हेच काम लवकर करून घेता येईल का, याचे प्रयोग चालू आहेत. ढगांनी हे काम लाखो वर्षं फुकट केलं. आपण दोनशे वर्षांत जेवढं सोडलंय, त्याला उरकायला दगडाकडं तेवढी घाई नाही.

डीपी_जळाला (3:05)
दगडाला पण कामाला लावलं तुम्ही लोकांनी.

बरं, एक विचारतो, वाद म्हणून नाही. 2025 च्या सप्टेंबरात आमच्याकडं एका रात्रीत जे झालं ते 60 वर्षांत बघितलं नव्हतं. माती खरडून गेली, विहीर गाळानं भरली, दोन शेळ्या गेल्या. दुष्काळ कार्बनचा म्हणता आणि महापूरही कार्बनचाच? दोन्हीकडून तुमचंच खरं कसं?

प्रयोगवही (4:10)
शेळ्यांचं वाईट वाटलं.

प्रश्न रास्त आहे. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. मोठी घागर भरायला वेळ लागतो, म्हणून खंड लांबतो. आणि लवंडली की जास्त सांडते. ती एक रात्र संपूर्णपणे कार्बनमुळे असं मी म्हणणार नाही, पाऊस पूर्वीही कोसळायचा. पण घागर मोठी झालीय एवढं नक्की. 2024 हे साल कारखान्यांआधीच्या काळापेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं निघालं, असं पहिलंच वर्ष.

डीपी_जळाला (4:30)
घागरीचं पटलं. गोऱ्यांचं नाही पटलं.

मोसंबीवाली (4:33)
ते आम्हालाही नाही पटलेलं. बसा.

विहीर_फोडणारा (7:50)
उशिरा बघितला धागा. कंदिलाचं वाचून राहवलं नाही. विहिरीच्या गाळाची कामं 20 वर्षं केलीत. कंदील विझला नाही म्हणजे आत सगळं ठीक, असं अजिबात समजू नका. आमच्या ओळखीतल्या दोघांनी विहिरीत खाली डिझेल इंजिन लावलं होतं. दिवा नीट जळत होता. तो वायू वेगळा, कार्बन मोनॉक्साइड, त्यानं दिवा विझत नाही, वास येत नाही, माणूस झोपल्यासारखा पडतो. एक पडला, त्याला काढायला दुसरा उतरला. नेहमी दुसराच जातो. जुन्या गाळाच्या विहिरीत पेटणारा वायूही असतो, तिथं उघडा कंदील म्हणजे आगकाडी.

पेव उघडणार असाल तर दोन दिवस उघडं ठेवा, पंख्यानं हवा खाली ढकला, कमरेला दोर, वर दोन माणसं. कुणी पडलं तर मागं उडी मारायची नाही, दोरानं ओढायचं.

बालाघाटी (15 मे, रात्री 8:15)
तीन दिवस पेरणीच्या तयारीत गेले. सगळं वाचलं, बप्पांना वाचूनही दाखवलं. सोयाबीनच्या प्रयोगाचं ऐकून म्हणाले, "अमेरिकेत जाऊन हेच कळलं का? मला इचारायचं." मग थोड्या वेळानं, "पाला लई झाला की शेंग कमी, हे माझा बाप बी सांगायचा."

यंदा सातातलं दोन एकर ज्वारीला द्यायचं ठरतंय. भाव नाही, कडबा तरी होईल. तुराट्या पेटवणार नाही, पण कुट्टीचं यंत्र भाड्यानं मिळालं तर. टॅबवाल्यांना तेरणाकाठ यांचे चारही प्रश्न विचारले. मुदतीला उत्तर आलं, 25 वर्षं. बाकीच्यांना "वरून विचारून सांगतो". बप्पा म्हणाले, वरून म्हणजे कुठून, हवेतून का?

पेव उघडलं. विहीर_फोडणारा यांनी सांगितलं तसंच, दोन दिवस मोकळं, पंखा, दोर. मीच उतरलो. सात-आठ हात खोल, बाजूनं कडब्याचं अस्तर अजून चिकटलेलं, वास आंबूस. तळाला मूठभर ज्वारी निघाली, काळी पडलेली. आणि एक पितळी मापटं. ते बप्पा तासभर चिंचेनं घासत बसले होते.

हुरडापार्टी (8:22)
मूठभर??

बळीचा_नातू (8:40)
तोंड पायाकडून उघडतं की डोक्यावरून? आतून भिंत बांधीव आहे का? फोटो टाका. मला अजून बळदच वाटायलंय.